तीन कोपऱ्यांचा हुकूम

आमच्या मिलच्या गेटशेजारी काचेचं दार असलेला एक नोटीस बोर्ड होता आणि त्याची किल्ली हरवलेली होती. ती कधी हरवली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती कुणी कधी शोधलीच नव्हती. काचेमागे एक पिवळा पडलेला कागद होता, कुठल्याशा सुरक्षा समितीच्या सभासदांच्या नावांचा. त्यातले निम्मे नोकरी सोडून गेले होते आणि एक वारला होता. तरी मिल चालू होती, कापड रंगत होतं, ट्रक भरून बाहेर पडत होते. आमच्याकडचा कारभार कशावर चालायचा हे त्या बोर्डावरून समजावं. तो तोंडावर चालायचा.

मी तिथे लेबर ऑफिसर होतो. मिल म्हणजे सूत काततात ती नव्हे. सुरतेत 'मिल' म्हणतात ते बहुधा प्रोसेस हाऊस असतं. व्यापारी लूमवरून उतरलेलं कोरं कापड आणून टाकतो, आम्ही ते धुऊन, रंगवून, छापून, वाळवून त्याला परत देतो. कापड त्याचं, रंग आमचा, आणि शेड बिघडली तर चूक दोघांपैकी ज्याचा आवाज लहान त्याची. आमची मिल सुरतेजवळच्या सचिन या गावच्या औद्योगिक वसाहतीत होती. लेबर ऑफिसर म्हणजे मालकाला वाटतं हा कामगारांचा माणूस, कामगारांना वाटतं हा मालकाचा आणि सरकारला वाटतं हा सरकारचा. माझ्या बायकोला काय वाटायचं ते तिने लेखी कधी दिलं नाही.

शेठ गुजरातीत बोलत. खात्यात निम्म्याहून अधिक माणसं खानदेशातली, ती आपसात अहिराणीत बोलत. मी अमळनेरकडचा, म्हणून मधल्या जागेवर माझी वर्णी लागली होती. दिवसभर मी इकडचं तिकडे सांगायचो आणि सांगताना दोन्हीकडच्या शिव्या गाळायचो. माझ्या कामाचं सगळं कौशल्य त्या गाळण्यात होतं.

शेठ म्हणायचे, "देवरेभाई, कागळ तो वकील माटे. माणस माटे जबान." कागद वकिलासाठी, माणसासाठी जबान. त्यात तथ्य होतं. सुरतेच्या कापडबाजारात नुसत्या शब्दावर ट्रकच्या ट्रक कापड हललेलं मी पाहिलं आहे. ना सही, ना साक्षीदार. पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. बाजारात शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं करत नाही. मिलच्या आत शब्द मोडला तर ज्याला दिला होता तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर येतो. त्यामुळे शेठच्या बाहेरच्या शब्दाची तब्येत ठणठणीत असे आणि आतल्या शब्दाची जरा नाजूक.

सुकलालचंच घ्या. स्टेंटर म्हणून एक लांबलचक यंत्र असतं. ओल्या कापडाच्या दोन्ही कडा पकडून, ताणून, गरम हवेतून ते वाळवत नेतं. त्या यंत्रावर सुकलाल पाटील हा आमचा सर्वांत जुना ऑपरेटर. एकदा दिवाळीपूर्वीच्या गर्दीत त्याने एक अवघड माल वेळेत काढून दिला. शेठनी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुकलाल, हवे तुं ज फोरमॅन." सुकलालने घरी जाऊन पेढे वाटले. पुढच्या हंगामात मी शेठना आठवण केली. ते मनापासून चकित झाले. "में एवुं कह्युं हतुं? कह्युं होय तो आपवुं ज जोईए." म्हटलं असेल तर द्यायलाच हवं. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "जोईशुं," म्हणजे बघू. पेढे पचून गेले, सुकलाल ऑपरेटरच राहिला.

तोंडी कारभाराचे खरे आचार्य मात्र आमचे प्रॉडक्शन मॅनेजर जशवंतभाई. हा गृहस्थ कधी मोठ्याने बोलला नाही आणि त्याने कधी काही लिहिलं नाही. तो तुमचं कोपर धरून तुम्हाला बॉयलरजवळ नेणार, जिथे तुमचं तुम्हालाही ऐकू येत नाही, आणि कानाशी लागून म्हणणार, "आ तमने एकलाने ज कहुं छुं." त्या आठवड्यात मिलमधल्या प्रत्येकाला त्याने ते एकट्यालाच सांगितलेलं असायचं. पुढे काही बिनसलं तर जशवंतभाई आपण असं कधी म्हटलंच नाही अशा निरागसपणे विचारायचे, "में? क्यारे?" आणि पुरावा म्हणून तुमच्याकडे एक ओला कान असायचा.

अशा या घरात नंबियार साहेब जनरल मॅनेजर म्हणून आले. हजीऱ्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. शिस्तीचा, सरळ, थोडा कोरडा माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नोटीस बोर्डाचं कुलूप तोडवलं, नवं बसवलं आणि आत पहिली नोटीस लावली: या बोर्डाची किल्ली टाइम ऑफिसमध्ये मिळेल. मग मेमो सुरू झाले. डाइंग मास्टरला मेमो, स्टोअरकीपरला मेमो, कॅन्टीनवाल्याला चहाच्या उष्णतेबद्दल मेमो. तोंडी काही सांगायला गेलं की ते हात वर करायचे. "देवरे, लिख के दो."

माझ्या आणि त्यांच्या केबिनमध्ये फक्त एक काच होती. ते मला मेमो लिहिताना मला दिसायचे. मग शिपाई रतिलाल तो कागद घेऊन लांबच्या व्हरांड्याने फिरून माझ्याकडे यायचा. मी वाचताना त्यांना दिसायचो. मी उत्तर लिहायचो, ते माझ्याकडे बघत थांबायचे, आणि आम्ही दोघेही काच नसल्यासारखे, किंवा ती भिंत असल्यासारखे वागायचो. एकदा रतिलाल कळवळून म्हणाला, "साहेब, एकदा बोलूनच टाका ना समोरासमोर. मारा पग दुखे छे."

"रतिलाल, आम्ही बोलायला लागलो तर तुझं काय काम?"

त्याने विचार केला. "तो भले लखो," म्हणाला आणि उत्तर घेऊन गेला.

हसू येण्यासारखंच होतं सगळं, पण एक गोष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना पहिलं नेमणूकपत्र मिळालं ते नंबियार साहेबांच्या काळात. फोटो चिकटवलेलं ओळखपत्र, रजेचं कार्ड हे सगळं त्यांनीच दिलं. त्याआधी एखाद्याला रेशनकार्डासाठी कुठे काम करतो याचा दाखला हवा असला की शेठ म्हणायचे, "मारुं नाम दई देजो ने." रेशनच्या खिडकीवर शेठचं नाव चालत नसे. बोललेल्या शब्दाचं कौतुक बहुधा तेच करतात ज्यांना कधी कुणाला दाखला दाखवावा लागत नाही.

मेमोंच्या बाबतीत मात्र एक घोळ झाला. कामगारांना जे कागद जात ते स्वाभाविकच गोड बातमीचे नसत. उशिरा आलास, यंत्र सोडून गेलास, विडी ओढताना सापडलास, खुलासा कर. माणूस कागद घ्यायचा, कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, आणि सुट्टी होताच गेटबाहेर पडल्या पडल्या फाडून टाकायचा. गेटसमोर रोज चिंध्यांचा सडा. नंबियार साहेबांना हा उघड उर्मटपणा वाटला. त्यांनी मेमो फाडू नयेत असा एक मेमो काढला. तोही फाटला.

आता यातली ग्यानबाची मेख सांगतो. आमच्या ऑफिसात पूर्वी कागदांना टाचणी लावत. नेमणूकपत्रं वाटून झाल्यावर नंबियार साहेबांनी टाचण्या बंद करून स्टेपलर आणला. मूळ कागद आणि ऑफिसची प्रत एकत्र टाइप व्हायची, तपासायला एकत्र स्टेपल व्हायची आणि साहेबांच्या सहीनंतर दोन्ही वेगळ्या करून मूळ कागद पाठवायचा. ते वेगळं करण्याचं काम रतिलालचं. पिन सोडवायला नखं लागतात आणि वेळ लागतो. रतिलाल दोन्हीच्या बाबतीत काटकसरी. तो फर्रकन ओढायचा. पिनेसकट वरचा डावा कोपरा ऑफिसच्या प्रतीवर राहायचा आणि मूळ कागद तीन कोपऱ्यांनिशी रवाना व्हायचा. हे मी रोज पाहत होतो. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

मग फोरमनची जागा निघाली.

जशवंतभाईंनी ती त्यांच्या साडूचा भाऊ किरीट याच्यासाठी मनात राखून ठेवली होती, आणि हे त्यांनी प्रत्येकाला एकट्यालाच सांगितलं होतं. किरीट फोरमनच्या खुर्चीवर बसून तिची स्प्रिंग तपासतानाही दिसला होता. पण नंबियार साहेब कुणाच्या कानाजवळ जात नसत. त्यांनी रेकॉर्ड मागवलं, हजेरी पाहिली, यंत्रावरचा बिघाड पाहिला आणि हुकूम काढला: सुकलाल पाटील, फोरमन, स्टेंटर खातं. हुकूम मीच टाइप करून घेतला होता. नेमणूकपत्रांनंतर कामगाराच्या नावाने निघालेला गोड बातमीचा असा तो पहिलाच कागद. सुकलालच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. मला वाटलं, चला, वधूपित्याला आहेर झाला.

जशवंतभाईंच्या केबिनमध्ये सुकलालला बोलावलं. मी होतो, जशवंतभाई होते, रतिलालने कागद पुढे धरला. सुकलालच्या मनगटावर हळद होती, घरचं कार्य सुरू झालेलं. त्याने हसत दोन्ही हात पुढे केले, कागदाकडे पाहिलं आणि विस्तवाला लागल्यासारखे मागे घेतले.

"घे ना, सुकलाल," मी म्हटलं.

"नही."

"अरे, फोरमनचा हुकूम आहे! तुझ्या बढतीचा!"

"व्हई, भाऊसाहेब. पन मी हाऊ कागद लेवाव नही."

"का?"

"काही इचारू नका. आज मना तोंडतून वदाडू नका." आणि तो निघून गेला.

जशवंतभाईंच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्याआधी फक्त चोपडापूजनाच्या वेळी पाहिलं होतं. ज्या माणसाने आपला रजेचा अर्जही कधी स्वतः लिहिला नव्हता त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, हुकुमाच्या पाठीवर 'कागळ लेवानी ना पाडी', म्हणजे कागद घ्यायला नकार दिला, असं ठसठशीत लिहिलं, खाली लफ्फेदार सही केली आणि साक्षीदार म्हणून रतिलालची घेतली. मग आवाज जराही न चढवता म्हणाले, "लखाणमां आवी गयुं. हवे शुं थाय?"

नंबियार साहेबांनी तो शेरा वाचला. ते दुखावले होते. मेमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कुणाला आनंदाचा कागद पाठवला होता. "शनिवारपर्यंत कारण लेखी दे म्हणावं," ते इंग्रजीत म्हणाले. "नाही तर पुढचं नाव. मला नियमानं चालावं लागेल." पुढचं नाव कुणाचं हे सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी लिंबायतला सुकलालच्या घरी गेलो. गल्लीत मांडव पडला होता, पाहुणे भुसावळकडच्या गाडीने येऊन उतरले होते, बायका जात्याभोवती बसल्या होत्या. सुकलाल मला पाहून उठला आणि पाट मांडायला आत गेला. त्याची बायको जिजाबाई दारातच आडवी उभी राहिली.

"भाऊसाहेब, तो कागद संगे आनेल शे का?"

"आहे, पिशवीत."

"मंग पिशवी भायेर ठेवा. मना घर लगीन शे."

मी पिशवी मांडवाच्या खांबाला अडकवली. ती आत गेली आणि लग्नाची एक पत्रिका घेऊन आली. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. आणि मग बोटांनीच कोपरा फाडल्याची खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खानदेशात जन्मलो, वाढलो. लहानपणी पोस्टमनने कोपरा फाडलेलं कार्ड आणलं की वाचायच्या आधीच आई पदर तोंडाला लावायची. ते कार्ड कुणी घरात नेत नसे. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, आणि मग आंघोळ. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि आमच्या मिलमधून दररोज तसे कागद जाताना मी शांतपणे पाहत होतो. गेटबाहेरच्या चिंध्यांचा अर्थ आता लागला. त्यात उर्मटपणा बिलकूल नव्हता. वाईट बातमीचा कागद होता, रीतीप्रमाणे कोपरा फाडलेला होता, रीतीप्रमाणे तो घरी न नेता बाहेरच नष्ट केला होता. उलट लोकांना साहेबांचं कौतुक वाटत होतं.

"आम्ही म्हनूत, मद्रासी सायेब शे, पन आपली रीत समजस," सुकलाल पाटावर बसत म्हणाला. "वाईट लिखेल व्हई तर कोपरा फाडीसन धाडस. मंग बढतीना कागदले तसं कसाले करं? लगीनघरमा?"

"तिथेच का नाही सांगितलंस?"

जिजाबाईने कपाळावर हात मारला. "हळद लागेल पोरगीना बाप कसा इचारी, कोन मरनं म्हनीसन?"

तेही खरंच. कारण लिहून द्यायचं तर ते तोंडाने उच्चारायला हवं, आणि त्या आठवड्यात त्याला ते उच्चारता येत नव्हतं. नंबियार साहेबांना हवं होतं ते नेमकं तेच.

"फोरमनकी पाहिजे ना तुला?" मी विचारलं.

"पाहिजे ना, भाऊसाहेब. याहीसले सांगेल शे, पोरगीना बाप फोरमन व्हनार म्हनीसन." त्याने मांडवाकडे पाहिलं. "पन तो कागद लईसन नही."

व्याह्यांना सांगून बसलेला माणूस तो. शनिवार उलटला असता तर भर मांडवात खोटा पडला असता.

सकाळी मी नंबियार साहेबांना समजावून सांगायला गेलो. हात वर. मग मी लेखी दिलं: सदर कामगाराने हुकूम नाकारला, कारण हुकुमाला वरचा डावा कोपरा नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मग, त्यांच्या शिस्तीला सोडून, स्वतः उठून माझ्या दारात आले.

"देवरे, तबियत ठीक है?"

मी रीत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते चेष्टा करणारे नव्हते. पण शेवटी म्हणाले, "नाकारल्याचा शेरा दोन सह्यांनिशी रेकॉर्डवर आहे. मी तो पुसला तर उद्या माझ्या कुठल्याच कागदाला किंमत राहणार नाही. शेठना हुकूम बदलू दे. लेखी."

म्हणजे झालं! एकाला लेखी हवं आणि दुसरा आयुष्यात लिहीत नाही. या दोघांच्या फटीत सुकलालची फोरमनकी अडकली होती, आणि फटीशेजारी जशवंतभाई किरीटला घेऊन उभे होते.

मी शेठकडे गेलो आणि लांबण न लावता हुकूम त्यांच्या टेबलावर ठेवला. शेठची नजर कोपऱ्यावर गेली आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"अरे! आ तो काळोतरी! कोण गयुं?"

गुजरातीत लग्नाची ती कंकोतरी आणि मरणाची ती काळोतरी. पुढचं सांगायची गरजच नव्हती. "कुणी नाही गेलं, शेठ. सुकलालला बढतीचा हुकूम आहे."

"आवो? बढतीनो?"

"मिलचे सगळेच कागद असेच जातात. स्टेपलर आल्यापासून."

शेठचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बधा? देवरेभाई, दिवाळीमां पार्टीओने शुभेच्छाना कागळ गया हता, ए पण?"

ते कागदही एकत्र स्टेपल होऊन, रतिलालच्या हातून सुटे होऊन गेले होते. मी मान हलवली.

शेठनी डोळे मिटले. बेसत्या वर्षाच्या दिवशी, म्हणजे दिवाळी पाडव्याला, त्यांचा एक जुना गिऱ्हाईक व्यापारी पांढरेशुभ्र कपडे घालून त्यांच्या बंगल्यावर आला होता. मिठाईला हात लावला नव्हता, पाच मिनिटं हात जोडून बसला होता, आणि जाताना शेठच्या पाठीवरून हात फिरवून "ईश्वरनी इच्छा" म्हणून गेला होता. शेठना तेव्हापासून वाटत होतं की तो व्यापारी भ्रमिष्ट झाला आहे.

ते इतके हसले की पाण्याचा पेला मागवावा लागला. हसू आवरल्यावर म्हणाले, "सुकलालने कही दो, हुं कहुं छुं, ए फोरमॅन. पती गयुं." त्यांच्या लेखी विषय संपला.

"शेठ, हे आपण त्याला मागे एकदा सांगितलं आहे."

पंख्याकडे बघायची वेळ होती, पण या खेपेला त्यांनी पाहिलं नाही. मी नवा टाइप केलेला हुकूम पुढे केला. चार कोपरे शाबूत. "यावर सही केलीत तर—"

"सही-बही नहीं," ते घाईने म्हणाले. सहीला ते खरोखर भीत. मग त्यांची नजर मागच्या देव्हाऱ्याकडे गेली. उठले, कुंकवाची डबी काढली, बोट ओलं केलं आणि हुकुमाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक टिळा लावला. कंकोतरीला लावतात तसा, निगुतीने. "आ लो. लग्नवाळुं घर छे. आवो कागळ जाय."

तो कागद तळहातांवर घेऊन मी नंबियार साहेबांपुढे उभा राहिलो.

"हे काय आहे?"

"शेठची मंजुरी, सर. लेखी."

"सही कुठे आहे?"

"चार ठिकाणी आहे, सर."

त्यांनी चारही टिळे एकेक करून पाहिले. त्यांच्या मनात नियमांची केवढी झटापट चालली होती ते माहीत नाही. मग त्यांनी ऑफिसच्या प्रतीवर स्वच्छ अक्षरात नोंद केली: मालकांची मंजुरी, चार खुणा, मूळ प्रतीवर. आणि म्हणाले, "चला. हा मी स्वतः देतो."

खात्याच्या दाराशी जशवंतभाई भेटले. कोपर धरायला गेले, पण नंबियार साहेबांचे दोन्ही हात कागदात गुंतले होते. "साहेब, पण त्याने तर नाकारलाय. मी सही केलीय. लखाणमां छे."

"होय," नंबियार साहेब म्हणाले. "तीन कोपऱ्यांचा कागद नाकारल्याची सही तुम्ही केली आहे. ती राहू द्या रेकॉर्डवर. हा चार कोपऱ्यांचा आहे."

मी सगळ्या नोकरीत नियमांचे पुष्कळ अर्थ ऐकले, पण इतका सरळ आणि इतका उपयोगी अर्थ पुन्हा ऐकला नाही. जशवंतभाईंना नंतर काही दिवस बॉयलरजवळ कुणी भेटलं नाही.

स्टेंटरच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. नंबियार साहेबांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एखादा हुकूम ओरडून सांगितला. "सुकलाल! तुम फोरमन! आज से!" चार-पाच जण यंत्रामागून डोकावले. सुकलालने आधी कागदाचे कोपरे पाहिले, चारही. हात पँटला पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं, संपलं. नंबियार साहेब वळलेसुद्धा.

"सायेब!"

सुकलाल कागद उलटसुलट करून बघत होता. "कुकू घरले दखाडाले बेस शे. याही खूस व्हतीन." त्याने खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पन खाले तुमनी सही नही."

खरंच नव्हती. चहाच्या चिठ्ठीवरसुद्धा सही करणारा माणूस त्या टिळ्यांच्या नादात सही करायला विसरला होता. नंबियार साहेबांनी घाईने खिसे चाचपले, पण त्यांचं पेन केबिनमध्येच राहिलं होतं. मीही माझे चाचपले. माझं पेन जशवंतभाईंनी परत केलेलंच नव्हतं.

कापड रंगात जाण्याआधी त्याच्या टोकाला व्यापाऱ्याचा लॉट नंबर लिहितात, म्हणजे बाहेर आल्यावर कुणाचं ते ओळखू यावं. त्यासाठी एक निराळी शाई असते, बोटाएवढ्या जाड कांडीत. सुकलालने ती ट्रॉलीवरून उचलली, पुसली आणि साहेबांपुढे धरली.

"हाई लईसन सही करा, सायेब," तो म्हणाला. "हाई उकळता रंगमाबी जास नही."